विमलआत्याचा टिचबटणांचा तक्ता

गीतादीचा फोन आला तेव्हा मी सातवीतल्या दोन मुलींना व्याकरण शिकवत होते. गुरुवार, दुपारचे साडेचार. त्या वेळेला गीतादी कधी फोन करत नाही. ती आणि माझी विमलआत्या, दोघी कोलकात्याच्या बागबाजारात आत्याच्या खोलीत साड्यांना फॉल लावत बसलेल्या असतात, आणि हातात सुई असताना फोनला हात लावायचा नाही हा आत्याचा दंडक. "शैला, बिमलदी आर नेई," एवढंच ती म्हणाली आणि मग नुसता पंख्याचा आवाज येत राहिला… आत्या गेली. मुलींना घरी पाठवलं, घराला कुलूप घातलं, आणि डमडमहून मेट्रोत बसल्यावर पाहिलं तर एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात दुसरीच. खोलीत पोचले तर आत्या खाटेवर, चेहरा असा की आता उठेल आणि म्हणेल, "आलीस का गं?" स्टुलावर तिची जांभळी साडी, अर्धा फॉल लागलेला आणि सुई कापडात नीट दोनदा टोचून ठेवलेली. गीतादीने सांगितलं, "छातीत दाटल्यासारखं होतंय, जरा पडते" म्हणाली, सुई टोचली, साडी जमिनीला लागू नये म्हणून घडी करून वर ठेवली, आणि मग आडवी झाली. एकोणऐंशी वर्षांची बाई, जीव जायची वेळ, आणि सुई कुणाच्या पायात जाऊ नये याची काळजी! मला रडू तर आलंच, पण मान ताठही झाली, खोटं कशाला बोलू?

आदल्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. दर रविवारी जातच असे. त्या दिवशी तिचे गुडघे फार दुखत होते, म्हणून म्हणाली, "शैले, तक्त्याची शेवटची ओळ फिरवायची राहिलीय. मी इथून सांगते, तू फिरव." हा तक्ता म्हणजे काय ते पुढे सांगेनच. तिने सांगितलं, मी फिरवलं, "खाली, डावीकडे, वर, डावीकडे." मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता तू बस बरं त्या स्टुलावर. डावा डोळा." वर्षभर माझ्या डाव्या डोळ्याला सगळं दुधाच्या पिशवीतून बघितल्यासारखं दिसतंय. मी एकसष्ट वर्षांची, तीस वर्षं घरी शिकवण्या घेतेय, ना पेन्शन ना फंड. शैलाबाईंना फळ्यावरचं दिसत नाही असं एका आईच्या कानावर गेलं की संध्याकाळपर्यंत दहा आयांना कळतं. मी म्हटलं, "आत्या, पुढच्या रविवारी नक्की." ती "बरं" म्हणाली. एवढंच. रागावली असती तर परवडलं असतं.

आमचं घराणं कोलकात्याचं म्हणायचं की साताऱ्याचं, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. आजोबा सरकारी हिशेबखात्यात बदली होऊन आले आणि इथलेच झाले. वडील आणि विमलआत्या दोघांचा जन्म इथला. आत्याचं लग्नही इथल्याच मराठी घरात झालं. काका एका खाजगी कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, पाठोपाठ काकाही गेले. तेव्हा आत्या चाळिशीच्याही आत. वडील म्हणाले, "आमच्याकडे ये राहायला." आत्या म्हणाली, "येईन की, जेवायला." आणि तिने फॉल-पिकोचं काम धरलं. एस्प्लनेडच्या साडीच्या दुकानांचे गठ्ठे साधनबाबू नावाचे एक ठेकेदार घेऊन यायचे आणि बागबाजारच्या त्या गल्लीत चार घरांत वाटायचे. आत्या, गीतादी आणि शेजारच्या दोघी. चाळीस वर्षं तिने हे काम केलं. आमच्या मराठी मंडळातल्या बँकवाल्या, बदलीवाल्या बायका आत्याकडून फॉल लावून घ्यायच्या आणि गणपतीत तिच्याच शेजारी बसून "बाई, तुम्ही वेळ छान घालवता हो" म्हणायच्या. आत्या हसून म्हणायची, "हो ना, नाहीतर रात्रीच्या भाताचं काय करायचं असा प्रश्न पडतो."

त्या गल्लीत एक रीत होती. घराबाहेरच्या कट्ट्यावर, ज्याला तिकडे रक म्हणतात, सकाळी ऊन आलं की चौघी जमायच्या आणि सगळ्यांच्या सुया एकदम ओवून ठेवायच्या. वीस-पंचवीस सुया, पांढरा, लाल, काळा दोरा, ओळीने उशीत टोचलेल्या. दिवसभर मग सुई ओवायला थांबायचं नाही. आधी आपापली सुई जी ती ओवत असे. मग एकीची नजर उतरली, तेव्हा तिघी ओवायला लागल्या. मग दोघी. बारा वर्षांपूर्वी अशी वेळ आली की माझी रविवारी वाट बघायच्या! मी पोचले की चहाच्या आधी उशी पुढे यायची, "शैला, दाओ तो," म्हणजे दे बघू ओवून. मीही हसत हसत चाळीस-चाळीस सुया ओवून द्यायचे, बुधवारपर्यंत पुरतील अशा. चौघींचे डोळे गेलेत हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं, आणि डॉक्टरकडे जायचं नाव कुणी काढत नव्हतं. कारण साधं होतं. आधी अशाच एका म्हातारीचे टाके वाकडे यायला लागले, तर साधनबाबू तिला काही बोलले नाहीत, भांडले नाहीत. "पुढच्या आठवड्यात गठ्ठा देतो" म्हणाले. तो पुढचा आठवडा काही आला नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आत्या म्हणायची. टाका बोटांच्या सवयीने सरळ पडत होता तोवर डोळ्यांची चौकशी कुणाला करू द्यायची नव्हती.

अशात गल्लीतल्या क्लबने डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं. क्लबची पोरं घरोघर येऊन नावं लिहून गेली, न जावं तर संशय. दुसरी एखादी बाई आजारी पडल्याचं सोंग करती. आमच्या आत्यासाहेब त्यातल्या नव्हत्या. शिबिराच्या आदल्या संध्याकाळी क्लबचे पडदे शिवून झाले होते, ते द्यायला म्हणून गेली. भिंतीवर तक्ता टांगलेला होताच. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो तो, एकच अक्षर, इंग्रजी ई, कुठे उजवीकडे तोंड, कुठे वर, कुठे खाली. बायका त्याला कंगवा म्हणायच्या. कंगव्याचे दात कुठल्या दिशेला आहेत ते बोटांनी दाखवायचं. आत्या पडदा लावायच्या निमित्ताने तक्त्याला नाक लावून उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत सगळा पाठ करून आली. नक्षीचे टाके पाठ असणाऱ्या बाईला ते काय जड! मग चौघी बसल्या आणि फॉल लावता लावता घोकंपट्टी. "उजवीकडे, खाली, खाली, वर…" दुसऱ्या दिवशी चौघी पहिल्या नंबराने पास. तपासणारी तरुण डॉक्टर थक्क. "मासिमा, या वयात असे डोळे? खाता काय तुम्ही?" गीतादीने छातीठोक सांगितलं, "मौरला माछ." छोटी मासळी डोळ्यांना चांगली, असं तिकडे सगळे मानतात. डॉक्टरने आत्याकडे बघितलं. आत्याने जन्मात मासळीला हात लावला नव्हता, तिनेही गंभीर चेहऱ्याने मान हलवली. ही गोष्ट मी मंडळाच्या हळदीकुंकवात अशी रंगवून सांगितली की बायकांची हसून पुरेवाट झाली. आज ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

कारण तक्त्यात नापास झालेल्यांनाच आतल्या खोलीत पाठवत होते. डोळ्यांत थेंब घालून, आतला दाब मोजायला. या चौघी पास, त्यामुळे बाहेरच्या बाहेर घरी. वर्ष गेलं. एक दिवस गीतादी चहा ओतत होती. किटली कपावर नाही, कपाच्या शेजारी धरली, आणि सगळा चहा चटईवर गेला तरी ती ओततच राहिली. मीच तिला आणि आत्याला टॅक्सीत घालून मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आउटडोरला, बाहेरच्या रुग्णांच्या विभागात, नेलं. डॉक्टरने बराच वेळ बघितलं. डाव्या डोळ्याची नस दाबाने सुकली होती, तो डोळा आता परत येणार नव्हता. उजवा वाचेल, रोज थेंब घातले तर. "वर्षभर आधी आला असतात तर डावाही राखता आला असता," तो म्हणाला. साधंच म्हणाला, रागावून नाही. आत्या माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा दंड असा धरला की चार बोटांचे वळ दोन दिवस होते.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, "मी घालवला तिचा डोळा." गीतादी तिथेच होती. ती म्हणाली, "तू शिकवलंस, पण बोट तर मीच दाखवलं ना?" तीन दिवस आत्याने सुई हातात घेतली नाही, आणि चौथ्या दिवशी पहाटे उठून एकटी आउटडोरच्या रांगेत जाऊन बसली. मला पत्ता नाही. मोठा कंगवा सोडला तर खालचं काही दिसत नाही, असं तिने डॉक्टरला तोंडाने सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेले. मला फोन आला तो थेट ऑपरेशनची तारीख सांगायला. "अगं, पण साधनबाबू?" मी म्हटलं. "त्यांचं मी बघते," ती म्हणाली. आत्या "मी बघते" म्हणाली की समोरच्याने घाबरायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ऑपरेशननंतर सहा आठवडे सुई धरायची नाही, असं सांगितलेलं. चौघींनी ठरवलं, जी उपचाराला जाईल तिचा गठ्ठा बाकीच्यांनी वाटून घ्यायचा, पण तो तिच्याच नावाने घ्यायचा आणि तिच्याच नावाने परत द्यायचा. नाव गठ्ठ्यावरून उतरता कामा नये. गीतादी तर एका डोळ्याने आत्याच्या वाट्याच्या साड्या करत होती. लपवणं आत्याला मात्र आता सोसत नव्हतं. साधनबाबू आले त्या दिवशी मी तिथेच होते. आत्या काळा चष्मा लावून दारातच बसलेली. "साधनबाबू, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. गीताचा एक डोळा गेलाय. या दोघींचे दाखवायचेत. आता बोला." साधनबाबू चपापले. साडी उचलली, फॉलवरून अंगठा फिरवला, खाली ठेवली. म्हणाले, "दीदी, पुढच्या आठवड्यात…" आत्याने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, "तुम्ही टाके अंगठ्याने का बघता हो? आधी डोळ्याने बघत होतात." साधनबाबूंचं वय साठीच्या पुढचं, त्यांनाही कुठली नोकरी नाही, दुकानं आणि बायका यांच्यामधला माणूस. त्यांना कमी दिसतं हे दुकानात कळलं तर गठ्ठे दुसऱ्याच्या खांद्यावर. ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नका." आत्या म्हणाली, "सांगत नाही. पण बुधवारी सकाळी सहाला इस्पितळाच्या फाटकापाशी या. आणि गठ्ठा घेऊन या, रांगेत बसून काम होतं." आले, बरं का! धोतर सावरत, बगलेत गठ्ठा घेऊन आले. त्या गल्लीतला एकही गठ्ठा नंतर कधी डोळ्यांपायी बंद झाला नाही.

रांगेत बसून काम ही आत्याचीच युक्ती. म्हातारी कामकरी माणसं इस्पितळात का जात नाहीत, यावर शिकलेले लोक काय काय बोलतात. आत्याला उत्तर माहीत होतं, दिवस बुडतो म्हणून. तर दिवस बुडू द्यायचा नाही! आउटडोरच्या व्हरांड्यात ती चटई अंथरायची, सुया आदल्या दिवशी ओवलेल्या, आणि नंबर येईपर्यंत चार-चार साड्यांचे फॉल लागायचे. ज्या बाईच्या डोळ्यांत थेंब पडले तिला मग दिवसभर धूसर दिसतं, तिची साडी दुसरीने पुरी करायची. नवे डॉक्टर विचारायचे, "मासिमा, आज कुणाला आणलंत?" कधी मोलकरीण, कधी भाजीवाली, कधी विडीवाली. डोळ्यांवरून मग बाकीचंही निघायचं, साखर, रक्तदाब, गुडघे. त्यांचे कागद आत्या शिवलेल्या पिशवीत घालून ठेवायची, प्रत्येकीच्या साडीच्या काठाच्या तुकड्याची पिशवी, म्हणजे वाचता आलं नाही तरी आपली ओळखता येते. किती जणींना तिने असं नेलं ते तिने मोजलं नाही. मी मंडळात आता ही गोष्ट सांगते, आणि हसवायला नाही.

आणि तो तक्ता. ऑपरेशननंतर नीट दिसायला लागल्यावर तिने पहिलं काम केलं ते हे. पांढऱ्या मांजरपाटाचा लांब तुकडा घेतला. बक्रमच्या गोल चकत्या कापल्या, त्यांवर काळ्या कापडाचे कंगवे शिवले, वरचे तळहाताएवढे, खालचे शर्टाच्या बटणाएवढे, ते तर दोऱ्याने भरलेले. आणि प्रत्येक चकती मधोमध एका टिचबटणाने कापडावर लावली. त्यामुळे प्रत्येक कंगवा गोल फिरतो! दर रविवारी ती सगळे कंगवे नव्याने फिरवायची, म्हणजे कुणी पाठ करून येणार नाही. लांबट खोलीच्या एका टोकाला तक्ता, दुसऱ्या टोकाला स्टूल. कुणीही साडी टाकायला आली की आधी स्टुलावर बसायचं, मग साडीचं बोलायचं. ही काही डॉक्टरी नव्हे, असं ती स्वतःच सांगायची. "मी फक्त बघते, इस्पितळात न्यायची आहे की नाही." आणि बसलेल्या बाईला तिचं एकच सांगणं असायचं, "ठाऊक आहे ते नको सांगूस. दिसतं तेवढंच सांग." मंडळातल्या एका निवृत्त अधिकारी बाईंनी एकदा विचारलं, "मी अंदाजाने सांगू का?" आत्या म्हणाली, "अंदाज गीताकडे आहे, तिच्या डाव्या डोळ्याला विचारा." गीतादी खळखळून हसली होती तेव्हा. दोघींचं ते असं होतं, बाहेरच्याला कळायचं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी खोली आवरायला म्हणून गेले. गीतादी दारातच बसली होती, तिच्या मांडीवर ती जांभळी साडी. उरलेला अर्धा फॉल तिने लावला होता. म्हणाली, "तुझ्या आत्याचे टाके आणि माझे टाके, बघ ओळखू येतात का." मी साडी हातात घेतली आणि नकळत फॉलवरून अंगठा फिरवला… गीतादी बघत होती. एकच डोळा आहे तिला, पण त्यातून काही सुटत नाही. तिने साडी माझ्या हातातून काढून घेतली, आणि हनुवटीने स्टूल दाखवलं.

तक्ता तसाच होता. आत्याने सांगून माझ्याकडून फिरवून घेतला होता तसा. तीन रविवार गेले, तरी गीतादीला त्याला हात लावावासा वाटला नव्हता. मी स्टुलावर बसले, उजवा डोळा तळहाताने झाकला. पहिली ओळ दिसली, दुसरी दिसली, तिसरीतला एक कंगवा अडला. "शेवटची," गीतादी म्हणाली. शेवटची ओळ म्हणजे धुक्यात चार ठिपके. पण मला ती पाठ होती. खाली, डावीकडे, वर, डावीकडे. माझ्याच बोटांनी फिरवली होती, आत्याचा आवाज कानात होता. चार वेळा बोट हलवलं की झालं असतं, उद्या शिकवणीच्या मुली नेहमीसारख्या आल्या असत्या, कुणाला काही कळलं नसतं. बोट उचललंही होतं मी.

"बोलो," गीतादी म्हणाली.

"दिसत नाही," मी म्हटलं. "गीतादी, मला काही दिसत नाही गं." आणि मग जी रडले, ती आत्या गेल्यापासून पहिल्यांदा अशी रडले.

गीतादीने रडू दिलं. मग उठली, आत्याच्या ट्रंकेतून एका काठाचा तुकडा काढला, हिरवा, मोरपंखी, माझ्या लग्नातल्या शालूला फॉल लावताना आत्याने केव्हातरी कापून ठेवलेला. त्याची पिशवी आधीच शिवलेली होती. रिकामी. आत्याने माझ्यासाठी शिवून तयार ठेवली होती आणि मी "पुढच्या रविवारी" म्हणाले होते. गीतादीने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बुधवारी, सकाळी सहा. फाटकापाशी." मग तक्त्यापाशी गेली, खाली वाकली, आणि एकेक कंगवा बोटाने चाचपून नव्या दिशेला फिरवला. टिचबटणं कुरकुरली.

बुधवारी मी गेले. रांगेत गीतादीच्या चटईवर बसून दोन साड्यांचे फॉल लावले. टाके वाकडे आले, ते तिने उसवायला लावले.